दगडावरचे नाव, वहीतले नाव : उत्तनच्या दफनभूमी वाचताना

दिवाळीच्या आगेमागे, २ नोव्हेंबरला, कॅथलिक समाज आपल्या सर्व मृतांचे स्मरण करतो. उत्तन, पाली, चौक, डोंगरी या धारावी बेटावरच्या गावांत त्याआधीचे दोन-चार दिवस दफनभूमीत मोठी लगबग असते. गवत काढले जाते, कबरींवर चुना फिरतो, क्रूसांना नवा रंग लागतो. सणाच्या दिवशी फुले आणि मेणबत्त्या. मृतांची इतकी आस्थेने विचारपूस करणारा दुसरा दिवस त्या समाजाच्या वर्षात नाही.

जुन्या कबरशिळांचा अभ्यास करणाऱ्याला मात्र याच दिवसांची धास्ती वाटते. तारेच्या ब्रशने घासून अक्षरांच्या कडा जातात. पुसट झालेल्या ओळीवर ऑइलपेंट चढतो आणि रंगवणाऱ्याला जे अक्षर दिसते तेच पुढच्या पिढीसाठी खरे ठरते. फुटकी शिळा काढून तिच्या जागी फरशी बसवली जाते. यात कोणाचाही दुष्टावा नसतो, उलट प्रेमच असते. म्हणून हा प्रश्न ‘लोकांना किंमत नाही’ असे म्हणून सोडून देता येत नाही. गेली काही वर्षे मी वसई ते गोराई या पट्ट्यातल्या दफनभूमी पाहत आणि वाचत आलो आहे. त्यातून या दगडांविषयी जे समजले, ते इथे मांडतो.

बेट आणि त्याचा इतिहास

भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकत रस्ता डोंगरीला आणि तिथून उत्तनला जातो. आज हा भाग मीरा-भाईंदर महानगरपालिकेत आहे, पण किनाऱ्यावर उतरले की वलांडीवर वाळणारे बोंबील आणि शाकारलेल्या होड्या दिसतात आणि आपण कोळीवाड्यात आहोत हे कळते. इथल्या ख्रिस्ती समाजाची मुळे पोर्तुगीज काळात आहेत. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पुढची दोनशे वर्षे साष्टी, वसई आणि हे बेट त्यांच्याकडे राहिले. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी हा मुलूख घेतला. त्या लढाईत धारावीच्या किल्ल्याला विशेष महत्त्व होते, कारण तिथून वसईच्या खाडीचे तोंड नजरेखाली येत असे.

सत्ता गेली, भाषा हळूहळू गेली, पण धर्म आणि गावे राहिली. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा मुंबई-साष्टी-वसईतल्या या स्थानिक ख्रिस्ती लोकांनी गोव्याहून आलेल्यांपासून आपली वेगळी ओळख राहावी म्हणून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. नाव इंग्रजी असले तरी घरातली बोली मराठीच राहिली. हे सारे थर दफनभूमीत एकावर एक दिसतात : आडनाव पोर्तुगीज, संक्षेप लॅटिन, तारीख इंग्रजी आणि मजकूर मराठी.

कोणाची थडगी नोंदली गेली?

थडग्यांवरचे लेख गोळा करण्याची परंपरा आपल्याकडे बरीच जुनी आहे. ब्रिटिश काळात प्रांतवार याद्या छापल्या गेल्या. मद्रास प्रांताची ज्युलियन जेम्स कॉटन यांची यादी १९०५ ची, मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची क्रॉफ्टन यांची १९३२ ची. १९७६ मध्ये लंडनमध्ये दक्षिण आशियातल्या दफनभूमींसाठी एक संस्था स्थापन झाली आणि तिने शेकडो ठिकाणांच्या नोंदी केल्या. हे काम मोलाचे आहे, पण त्याचा रोख मुख्यतः युरोपीय माणसांवर होता. कलेक्टर, कर्नल, मिशनरी, त्यांच्या बायका आणि लहानपणी गेलेली मुले त्यात सापडतात. मासेमारी करणारा मनवेल किंवा मीठ, भात, ताडी यांवर जगणारा इनास सापडत नाही.

आपल्या भागात पोर्तुगीज लेखांच्या बाबतीतही असेच घडले. मुंबईत वैद्यकी करणारे मूळचे गोव्याचे विद्वान जुझे गेर्सन द कुन्या यांनी १८७६ मध्ये चौल आणि वसईच्या इतिहासावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात तिथल्या चर्चच्या अवशेषांतले शिलालेख वाचून दिले. पुढे ब्राझ फर्नांडिस यांनीही वसईच्या अवशेषांवर लिहिले. आज वसई किल्ल्यात, विशेषतः फ्रान्सिस्कन संघाच्या सेंट अँथनी चर्चच्या जमिनीत, झिजलेल्या कबरशिळा पायाखाली येतात. अनेकींवर एक ठरीव वाक्य आढळते : ‘ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची’. म्हणजे तो जितका स्मृतिलेख, तितकाच मालकीहक्काचा दाखलाही. चर्चच्या आतली जागा मोलाची होती आणि ती पिढ्यान्‌पिढ्या आपली राहावी म्हणून दगडावर लिहून घेतली जाई.

ज्याला अशी जागा परवडत नव्हती, तो बाहेर अंगणात पुरला गेला. त्याच्यावर दगड नव्हता, असला तर लाकडी क्रूस, आणि कोकणच्या पावसात लाकूड किती टिकणार? उत्तनसारख्या कोळ्यांच्या गावात जुन्या शिळा थोड्या का, याचे पहिले उत्तर हे आहे. दुसरे उत्तर जागेचे. मुंबई परिसरातल्या बहुतेक कॅथलिक दफनभूमींत काही कुटुंबांच्या कायमच्या कबरी असतात, पण बाकीची जागा ठरावीक काळाने पुन्हा वापरली जाते. अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात किंवा समाईक जागेत ठेवतात. त्या वेळी वरचा दगड गेला तर गेला. शंभर वर्षांपूर्वीच्या साध्या माणसाची शिळा आज उभी असेल, तर तो अपवाद समजावा.

नावांची चार रूपे

अपवाद असलेला असा दगड हाती लागला की त्यावर वाचण्यासारखे पहिले असते ते नाव. मृत्युलेख बहुधा दोन-तीन ओळींचे. नाव, वय, मृत्यूची तारीख आणि ‘चिरशांती लाभो’ या अर्थाचे एखादे वाक्य. पण त्या नावात पुष्कळ इतिहास असतो. मराठीत लिहिलेल्या शिळेवर नावाची बांधणी आपल्या पद्धतीची असते. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. विवाहितेच्या नावामागे नवऱ्याचे नाव. आडनाव डिसोझा किंवा परेरा असले तरी ही रचना लिस्बनची नाही, कोकणची आहे.

आता याच माणसाला चर्चच्या दप्तरात शोधायचे म्हटले तर तो दुसऱ्याच नावाने भेटतो. लॅटिन नोंदीत जो ‘जोसेफस’, तो पोर्तुगीजमध्ये ‘जुझे’, इंग्रजीत ‘जोसेफ’ आणि गावात ‘जुजे’. ‘सेबास्तियाँव’चा ‘बस्त्याव’ होतो, ‘दोमिंगुश’चा ‘दुमिंग’, ‘इनासियु’चा ‘इनास’. सर्वांत फसवे नाव ‘जेकोबस’चे. लॅटिनमधला जेकोबस पोर्तुगीजमध्ये ‘तियागु’ होतो आणि इंग्रजीत ‘जेम्स’. ही साखळी माहीत नसेल तर एका माणसाची तीन माणसे होतात आणि वंशावळ कोलमडते. म्हणून मी कोणत्याही गावात काम सुरू करताना आधी तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडून नावांची बोलीतली रूपे लिहून घेतो. एका वहीत चार रकाने पुरतात : लॅटिन, पोर्तुगीज, इंग्रजी, गावचे.

मराठीत कोरलेल्या मृत्युलेखांना आणखी एक महत्त्व आहे. आपण शिलालेख म्हटले की राजांचे दानलेख आठवतो. साध्या माणसाची स्मृती दगडात ठेवण्याची चाल इथे ख्रिस्ती धर्माबरोबर आली असे मात्र नाही. गोराईची खाडी ओलांडली की बोरिवलीजवळ एक्सर आहे. तिथल्या प्रसिद्ध वीरगळांवर जहाजांची लढाई कोरलेली आहे आणि तिचा संबंध शिलाहार-यादव संघर्षाशी जोडला जातो. त्या दगडांवर वीर आहेत, युद्ध आहे, कैलासाला जाणे आहे, पण लढून पडलेल्यांची नावे आपल्याला वाचता येत नाहीत. उत्तनच्या शिळेवर युद्ध नाही, कोरीव काम नाही, पण नाव आहे. अलिबाग-नवगावच्या परिसरातल्या बेने इस्राएल समाजाची थडगी पाहिली तर हिब्रूच्या जोडीला मराठी अक्षरे दिसतात. देवनागरीत आपल्या माणसाचे नाव कोरून ठेवण्याचे हे काम किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी केले आणि मराठी लेखांचा विचार करताना ते आपण फारसे हिशेबात धरलेले नाही.

दगड का झिजतो?

महाराष्ट्राचा दगड म्हणजे काळा बेसॉल्ट, हे सर्वसाधारणपणे खरे असले तरी मनोरी-गोराई-उत्तनच्या टेकड्या त्याला अपवाद आहेत. इथे ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट या जातींचे फिकट रंगाचे ज्वालामुखी खडक आढळतात. मुंबईच्या गॉथिक इमारतींसाठी वापरलेला पिवळसर मालाड दगड याच कुळातला. काळ्या बेसॉल्टवरची अक्षरे आणि फिकट दगडावरची अक्षरे सारख्या वेगाने झिजत नाहीत. म्हणून शिळा कोणत्या दगडाची, हे नोंदीत पहिल्याच ओळीत हवे.

समुद्रकाठी खरा शत्रू मीठ. खाऱ्या हवेतला ओलावा दगडाच्या छिद्रांत शिरतो, ऊन पडले की पाणी उडते आणि मिठाचे स्फटिक आत वाढतात. पावसाळा-उन्हाळा असा खेळ वर्षानुवर्षे चालला की पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याबरोबर अक्षरेही. अशा दगडाभोवती सिमेंट लावले तर नुकसान वाढते, कारण सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि कमी सच्छिद्र असते. ओल त्यातून बाहेर पडू शकत नाही, मग ती दगडातून वाट काढते. जुन्या बांधकामात चुना असे, तो ओल सोडून देत असे. दुरुस्तीलाही चुनाच हवा.

संगमरवराची तऱ्हा वेगळी. तो मुळात चुनखडीच्या कुळातला, त्यामुळे आम्लाने विरघळतो. डाग काढायला लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करण्याचे अॅसिड वापरले की त्याची चकाकी जाते आणि पृष्ठभाग साखरेसारखा खरखरीत होतो. इंग्रजी काळातल्या संगमरवरी पाट्यांवर अक्षरे कोरून त्यांत शिसे बसवण्याची पद्धत होती. शिसे गळून पडले तरी ते धरून ठेवण्यासाठी पाडलेली बारीक भोके उरतात आणि त्या भोकांच्या जागांवरून अक्षर ओळखता येते. अशी पाटी कोरी दिसते, म्हणून फेकून देऊ नये.

आताच्या शिळा बहुतेक काळ्या, चकचकीत ग्रॅनाइटच्या. त्या टिकतील यात शंका नाही. प्रश्न आहे तो जुनी पाटी काढून तिच्या जागी नवी लावताना काय होते, याचा. नव्या पाटीवर मजकूर बहुधा इंग्रजीत येतो. वडिलांचे नाव गळते, ‘जुजे’चा ‘जोसेफ’ होतो. दगड नवा होतो आणि माणूस थोडा जुना पुसला जातो.

हात लावण्याआधी

या कामात सर्वांत उपयोगी गोष्टी फुकटच्या आहेत. पहिली म्हणजे तिरपा प्रकाश. दुपारच्या उन्हात कोरी वाटणारी शिळा सकाळी किंवा संध्याकाळी ऊन कडेने आले की बोलू लागते, कारण अक्षरांच्या खाचांत सावली भरते. सावलीतल्या शिळेवर साध्या आरशाने उजेड फिरवला तरी तोच परिणाम साधतो. मोबाइलवर चार बाजूंनी प्रकाश देऊन चार छायाचित्रे घेतली, तर पुष्कळदा चारांतून मिळून एक पूर्ण ओळ वाचता येते. अक्षरांत खडू किंवा पीठ भरू नये, त्याचे अंश छिद्रांत राहतात.

साफसफाई करायचीच तर स्वच्छ गोडे पाणी आणि मऊ ब्रश, आणि तेही दगड भक्कम असेल तरच. ठोकल्यावर पोकळ वाजणारी किंवा भुगा सुटणारी शिळा ओली करू नये. शेवाळ आणि दगडफूल लगेच खरवडू नये. त्याची मुळे दगडात गेलेली असतात आणि ओढले की कपचा निघतो.

लेख उतरवताना जसे आहे तसे, ओळ संपते तिथे ओळ संपवून, चुकीच्या शुद्धलेखनासह लिहावे. गेलेली अक्षरे अंदाजाने भरली तर ती चौकोनी कंसात आणि संक्षेप फोडून लिहिले तर गोल कंसात. शिलालेखांच्या अभ्यासात १९३१ पासून हा संकेत रूढ आहे. त्याचा फायदा असा की दगडावर काय होते आणि वाचणाऱ्याने काय भरले, हे नंतर येणाऱ्याला कळते. तारखांबाबतही सावध राहावे. पोर्तुगालने नवी ग्रेगोरियन कालगणना १५८२ मध्येच घेतली, इंग्लंडने १७५२ मध्ये. मधल्या पावणेदोनशे वर्षांतली वसईतली तारीख आणि मुंबईतली इंग्रजी तारीख यांत दहा-अकरा दिवसांचे अंतर पडते.

आणि या सर्वांच्या आधी परवानगी. दफनभूमी हे संग्रहालय नाही. धर्मगुरूंना आणि कुटुंबाला विचारल्याशिवाय एकही कबर नोंदू नये, आणि अलीकडच्या मृतांची माहिती प्रसिद्ध करू नये.

दगड नसलेल्यांचे काय?

एवढे सारे केले तरी आपण गावाच्या मृतांपैकी अगदी थोड्यांपर्यंत पोहोचतो. बाकीच्यांसाठी चर्चची दप्तरे आहेत. ट्रेंट येथील धर्मसभेने १५६३ मध्ये बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृतांच्या नोंदीची भर घातली. त्यामुळे दगड परवडला नाही अशा माणसाचेही नाव, वय आणि पुरल्याची तारीख वहीत असू शकते. साथीची वर्षे या वह्यांत लगेच ओळखू येतात, एरवी महिन्याला दोन-चार नोंदी असतात, तिथे पाने भरतात. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा साष्टीतल्या गावांनी वेशीवर, नाक्यावर क्रूस उभारले. त्यांतल्या कित्येकांच्या चौथऱ्यावर वर्ष आणि उभारणाऱ्यांची नावे आहेत. दफनभूमी, दप्तर आणि रस्त्यावरचा क्रूस ही तिन्ही शेजारी ठेवून वाचली तर गावावर काय गुजरले ते दिसू लागते.

कोळ्यांच्या गावात आणखी एक वर्ग राहतो, तो समुद्रात गेलेल्यांचा. नोव्हेंबर २००९ मधल्या फयान वादळात कोकण किनाऱ्यावरचे अनेक मच्छीमार परतले नाहीत. देह सापडला नाही तर पुरणार काय आणि कुठे? कायद्याच्या दृष्टीनेही असा माणूस बराच काळ अधांतरी असतो. सात वर्षे ज्याची खबर नाही त्याला मृत समजावे, असा साक्ष कायद्यातला जुना नियम. तोपर्यंत बायको विधवा आहे की नाही, होडी कोणाच्या नावावर चढवायची, हे प्रश्न लोंबकळत राहतात. अशा माणसाचे नाव कुटुंबाच्या कबरीवरच्या पाटीत जोडलेले दिसले की वाचणाऱ्याने थांबावे. पुष्कळदा त्याच्यासाठी लिहिलेली तेवढीच एक ओळ असते. कबर बदलताना ती ओळ नव्या दगडावर गेली नाही, तर ती दुसरीकडून मिळवता येत नाही.

काय करता येईल?

शंभर वर्षांहून जुने शिलालेख १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत बसू शकतात. वसईचा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. पण रोज वापरात असलेली गावची दफनभूमी कायद्याने वाचवता येत नाही आणि तशी ती गोठवून ठेवावी असेही मला वाटत नाही. तिथे उद्याही कोणाला तरी पुरायचे आहे. जागा पुन्हा वापरली जाणार, दगड बदलणार, हे धरूनच चालले पाहिजे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गावाने आपल्या दफनभूमीचा एक हाताने काढलेला नकाशा करावा, प्रत्येक कबरीला क्रमांक द्यावा आणि प्रत्येक शिळेचे छायाचित्र व जशीच्या तशी नक्कल एका वहीत ठेवावी. कोणतीही शिळा काढण्याआधी तिची नोंद झालीच पाहिजे, एवढा एक नियम चर्चच्या समितीने करावा. काढलेली जुनी पाटी फोडू नये, कुंपणाच्या भिंतीत, अक्षरे बाहेर ठेवून, चुन्यात बसवावी. नव्या पाटीवर जुना मजकूर मराठीतच राहू द्यावा, हवी तर खाली इंग्रजी ओळ घालावी. वहीच्या तीन प्रती कराव्यात : एक चर्चमध्ये, एक गावच्या शाळेत किंवा वाचनालयात आणि एक गावाबाहेरच्या एखाद्या ग्रंथसंग्रहात.

यासाठी तज्ज्ञ लागत नाहीत. दहावीतली मुले तिरप्या उन्हात अक्षर वाचायला अर्ध्या दिवसात शिकतात, आणि त्यांना जे वाचता येत नाही ते सोबत आलेली आजी सांगते, कारण ती त्या माणसाला ओळखत असते. ही आजी आहे तोवर वहीतला चौथा रकाना भरता येईल. बाकीचे तीन दप्तरांत मिळतील, चौथा मिळणार नाही. काम सुरू करायला सोयीचे दिवस नोव्हेंबरच्या त्या सणाच्या आधीचेच आहेत. तेव्हा सारे गाव दफनभूमीत असते. एका हातात झाडू असतोच, दुसऱ्या हातात वही घ्यायची आहे.